नीरजाचं निळं फूल

टिळकनगर, डोंबिवली पूर्व
१४ जून २०२३

ती. चित्राकाकूंना,
सा. नमस्कार.

आपण कधी भेटलेलो नाही. मी संचिता, साकेतची बायको. जानेवारीत आमचं रजिस्टर लग्न झालं तेव्हा तुम्हाला निरोप होता. तुम्ही आला नाहीत, आणि लेकीच्या जागी दुसरी आलेली बघणं सोपं नाही, ते मला समजतं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं साकेत म्हणाला, म्हणून पोस्टातून आंतर्देशीय पत्रं आणली. शाळेनंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काम असं आहे की आमच्या गॅलरीत नीरजाताईंचा हायड्रेंजिया आहे. त्या गेल्यापासून दोन वर्षं त्याला नुसती पानंच यायची म्हणे. यंदा मी जरा पाणी, खत बघितलं आणि मेअखेर त्याला दोन मोठे झुपके आले. फुलकोबीच्या गड्ड्याएवढे. रंग गुलाबी, पण जरा राखाडीकडे झुकणारा. मला इतका आनंद झाला की साकेतला आंघोळीतून हाका मारून बोलावलं. तो टॉवेल गुंडाळून आला, बघितलं आणि म्हणाला, "नीरजा असताना निळं यायचं." मग आत गेला. पुढे दोन दिवस धड बोलला नाही.

काकू, स्पष्टच लिहिते. तो वाईट माणूस नाही. कधी आवाज चढवत नाही, पगार माझ्या हातात देतो. पण या घरात मी पाहुणीसारखी आहे. कपाट रिकामं करून दिलं, स्वयंपाकघर दिलं, गॅलरी मात्र अजून नीरजाताईंची आहे. सकाळचा चहा तो तिथेच पितो, घराकडे पाठ करून. मी तिथे गेले की कप उचलून आत येतो. मला वाटतं, ते फूल एकदा निळं आलं तर तो मला तिथे बसू देईल. असं एखाद्या फुलानं होतं का, मला माहीत नाही. पण दुसरं काय करू ते सुचत नाही.

निळं कसं आणायचं, ते तुम्हाला माहीत असेल. सांगाल का?

आपली,
संचिता

*

वर्तकनगर, ठाणे
२६ जून २०२३

सौ. संचिता यांना,
नमस्कार.

पत्र मिळालं. माझे कान वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यानं घेतले. मी तिथे शेड जुळवायचे आणि भिंतीपलीकडे रंग दळायची गिरणी दिवसभर धडधडायची. मोबाइलवर लिहायला गेलं की माझ्या एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. तेव्हा पत्रच बरं.

प्रश्न झाडाचा आहे, म्हणून झाडाचंच लिहिते.

तुमच्याकडे आहे ती गोल डोक्याची जात, इंग्रजीत तिला मॉपहेड म्हणतात. तिच्यात पांढऱ्या जाती आहेत, त्यांना काहीही घाला, त्या पांढऱ्याच राहतात. माझ्या खिडकीत तसला एक आहे. उतरतीला कडा जरा गुलाबी होतात, एवढंच. गडद लाल-गुलाबी जाती आहेत, त्या फार तर वांगी रंगापर्यंत येतात, निळ्या होत नाहीत. आणि तिसऱ्या तुमच्यासारख्या. माती आंबट असली की आकाशी, चिंतामणी, कधी अगदी गडद निळ्या. मातीत चुना असला की गुलाबी. अधेमधे लटकली तर तुम्ही म्हणता तो राखाडी गुलाबी. कारखान्यात असा डबा आला असता तर मी तो आल्या पावली परत पाठवला असता.

कुंडी सिमेंटची असणार. सिमेंटचा चुना मातीत उतरतो. सोसायटीला बोअरचं पाणी असेल तर तेही क्षारांचं. झाड प्लास्टिकच्या किंवा मातीच्या कुंडीत हलवा. पावसाचं पाणी साठवून तेच घाला. हाडांचा चुरा घालू नका, त्यानं निळा अडतो. सुपारीएवढा तुरटीचा खडा तांब्याभर पाण्यात विरघळवून पंधरवड्यातून एकदा द्या, जास्त नको, मुळं जळतात. दुपारचं ऊन लागू देऊ नका.

नीरजाच्या वेळी कसं यायचं वगैरे मला विचारू नका. लग्नाचा निरोप आला होता, पण आधी कुणी विचारलं नव्हतं.

चित्रा गुप्ते

*

टिळकनगर, डोंबिवली पूर्व
६ ऑगस्ट २०२३

ती. चित्राकाकूंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. शेवटच्या ओळीबद्दल तुमचं बरोबर आहे. विचारायला यायला हवं होतं. साकेत म्हणाला, "माझी हिंमत होत नाही," आणि मी म्हटलं, जाऊ दे. माझीही होत नव्हती.

झाड हलवलं. कुंडी सिमेंटचीच होती, फोडावी लागली. वॉचमनकाकांनी पहार आणली आणि सगळ्या मजल्यांवरून लोक डोकावले. पावसाचं पाणी गच्चीवर दोन बादल्यांत धरते. तुरटी सुरू केली आहे. मी मानपाडा रोडवर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिथे लघवी तपासायच्या पट्ट्या असतात, त्यांत आंबटपणाही कळतो. मुदत उलटलेल्या टाकूनच देतात, त्यातली एक आणून मातीच्या पाण्यात बुडवली. साडेसात आली, म्हणजे आंबट नाहीच. काल परत बघितली तर साडेसहा! एखाद्या पेशंटचा रिपोर्ट सुधारावा तसा मला आनंद झाला.

साकेतनं नवी कुंडी बघितली. रात्री जेवताना म्हणाला, "तुरटी नीरजापण घालायची." मी विचारलं, अजून काय करायच्या त्या? तर ताटातलं संपवून उठला.

तुम्हीच सांगा ना काकू, त्या कशा होत्या? फोटोत नेहमी हसताना दिसतात. साकेतच्या बोलण्यातही त्यांचं कधी काही चुकलेलं नसतं. वरण कसं करायच्या, पडदे कसे निवडायच्या, आणि आता हे निळं. मी त्यांच्यापुढे कितीही चांगलं केलं तरी साडेसातच्या साडेसातच राहते.

आपली,
संचिता

*

वर्तकनगर, ठाणे
२० ऑगस्ट २०२३

चि. सौ. संचितास,
अनेक आशीर्वाद.

लघवीची पट्टी! शेजारच्या शालनला पत्र वाचून दाखवलं, ती पोट धरून हसली. मीही हसले. या घरात बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून तुला 'तू' म्हणते आहे. वयानं तू मला मुलीसारखी आहेस. मुलगी नव्हेस, ते दोघींनाही माहीत आहे.

साडेसहा म्हणजे मधली गत. साडेपाचच्या आसपास आली की निळा धरेल. घाई करू नकोस. चहाचा चोथा धुऊन, साखर काढून, वर पसरलास तरी चालेल.

आता महत्त्वाचं. या जातीला पुढच्या वर्षीची फुलं जुन्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. त्यांचे डोळे, म्हणजे बारीक कोंब, पावसाळा सरता सरता तयार होतात आणि थंडीभर झोपून असतात. ऑक्टोबरच्या उन्हात पानं झडतील, काड्या वाळल्यासारख्या दिसतील. हात लावायचा नाही. सुकलेला झुपका तेवढा मानेपाशी काढायचा. कात्री चालवलीस तर पुढचं वर्ष गेलं म्हणून समज.

नीरजा कशी होती म्हणून विचारतेस. हट्टी होती. सांगितलेलं काम पहिला आठवडा मन लावून करायची आणि मग तिला दुसरं काही दिसायचं. तिच्याबद्दल, आणि त्या फुलाबद्दलही, तुला एक लिहायचं होतं. लिहायला घेतलं आणि पान संपलं. पुढच्या वेळी बघू.

आशीर्वाद,
चित्राकाकू

*

टिळकनगर, डोंबिवली पूर्व
२० नोव्हेंबर २०२३

ती. चित्राकाकूंना,
सा. नमस्कार.

वाईट बातमी आहे. दिवाळीची साफसफाई करताना मी झाड कापलं. सगळ्या फांद्या, बुडापासून वीतभर ठेवून. पानं झडली होती, मला वाळक्या काड्या वाटल्या. तुम्ही लिहिलं होतं ते डोक्यातून गेलं.

पुढच्या वर्षी फूल येणार नाही. मला माफ करा.

संचिता

*

वर्तकनगर, ठाणे
२८ नोव्हेंबर २०२३

सौ. संचिता यांना,

मी लिहिलं होतं, हात लावायचा नाही. असं वाक्य कुणाच्या डोक्यातून जात नाही. लघवीच्या पट्ट्या लावून मातीचा आंबटपणा मोजणारी मुलगी काड्या वाळल्या आहेत की जिवंत, ते नखानं खरवडून बघत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

तुम्हाला ते झाड तिथे नको होतं. त्यात काही चूक नाही, नव्या बाईला जुन्या बाईच्या वस्तू नकोशा होतात. पण मग तसं सांगायचं. मी रिक्षा करून आले असते आणि घेऊन गेले असते. माझ्या मुलीचं माझ्याकडे फारसं काही नाही. तिचे कपडे साकेतनं देऊन टाकले, तिचे दागिने मी घेतले नाहीत. एक झाड होतं. फुलं बघायला मी तिथे कधी पाऊल टाकणार नव्हते, तरी ते होतं.

पुन्हा पत्र पाठवू नये.

चित्रा गुप्ते

*

रामबाग, कल्याण पश्चिम
११ फेब्रुवारी २०२४

ती. चित्राकाकूंना,
सा. नमस्कार.

तुम्ही लिहू नका म्हणालात तरी लिहिते. फाडून टाकायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाडा.

पत्ता बघितलात ना? संक्रांतीपासून मी आईकडे आहे. आई-बाबांना वाटतं, लॅब कल्याणला बदलली. लॅब तिथेच आहे. मी इथून रिक्षानं जाते-येते.

झाड मी कापलं नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी गॅलरीत उकिडवी बसून तुरटीचं पाणी घालत होते. नाइटी खोचलेली, केस वर बांधलेले. साकेत भाजी घेऊन आला आणि दारातच थांबला. मी मागे बघितलं. काकू, त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा क्षणभर उजळला. कधीच माझ्यासाठी उजळत नाही तसा. मग त्याला कळलं की ही मी आहे. त्यानं पिशवी खाली ठेवली, ड्रॉवरमधून कात्री आणली, मला म्हणाला, "जरा सरक," आणि एकेक फांदी कापत गेला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "तू हे करू नकोस. तुझ्यानं ते निळं येणार नाही आणि आलं तर मला बघवणार नाही."

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तुमच्या मनातून तो उतरायला नको होता. तुमचं-त्याचं नातं आधीच एका दोऱ्यावर होतं. मला वाटलं, मला तुम्ही रागावलात तरी माझं काय जातं, मी तुमची कोण? पण तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं की जातं. त्या घरात माझ्याशी मोकळेपणानं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते वर्तकनगरला राहत होतं.

मी भांडून आले नाही. बॅग भरली, तो म्हणाला, "किती दिवस?" मी म्हटलं, बघते. तो फोन करतो, जेवलीस का विचारतो. ये म्हणत नाही. मीही आता जाईन असं वाटत नाही. जिवंत बाईशी मी भांडले असते, काकू. नीरजाताईंशी कशी भांडू? त्या तर निळं फूल आणायच्या.

आपली,
संचिता

*

वर्तकनगर, ठाणे
३ मार्च २०२४

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मी तुला नको ते बोलले, त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. तू इतकं सोसलंस आणि वर माझंही ऐकून घेतलंस.

जे ऑगस्टमध्ये लिहायचं राहिलं ते आता लिहिते. नीरजाला निळं फूल कधीच आणता आलं नाही.

ते झाड दोघांनी लग्नानंतर पाचगणीहून आणलं. आणलं तेव्हा ते फुललेलं होतं आणि निळं होतं, कारण तिथली माती तशी आहे. डोंबिवलीत पहिला बहर तोच. दुसऱ्या वर्षी गुलाबी, तिसऱ्या वर्षी मळका जांभळा, आणि मग तुला आला तसलाच राखाडी गुलाबी. दर मे महिन्यात ती माझ्याकडे यायची, समोर बसून तोंड वाकडं करून म्हणायची, "आई, परत तेच भिकार गुलाबी." मी तुरटी सांगायचे, ती दोनदा घालायची आणि विसरायची. कुंडी बदल म्हटलं तर म्हणायची, जड आहे, साकेतला वेळ नाही. तू दोन महिन्यांत केलंस ते तिला चार वर्षांत झालं नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात वाचलं की साकेतला ते निळं आठवतं. मला ते बरं वाटलं, संचिता. कुणाच्या तरी मनात माझी मुलगी न चुकणारी आहे, याचं बरं वाटलं. आणि तुला जमत नाही, याचंही थोडं बरं वाटलं. म्हणून गप्प बसले.

काल शालनची गाडी एका लग्नाला डोंबिवलीला जात होती, तिच्यातून गेले. नीरजा गेल्यापासून त्या दाराशी उभी राहिले नव्हते. साकेतनं दार उघडलं आणि पाया पडायला वाकला. खूप वाळला आहे. कुंडीत वीतभर खुंट आहेत, बुडाशी हिरवे कोंब फुटलेत, म्हणजे झाड जगलं आहे. त्याला समोर बसवलं. समोर बसून सावकाश बोललं की मला ओठांवरून कळतं. मी त्याला सगळं सांगितलं, वर्षवार, रंगवार.

तो म्हणाला, "नाही आई, निळं होतं." मी म्हटलं, पहिल्या वर्षी. तो परत म्हणाला, "नाही, दर वर्षी." तिसऱ्यांदा म्हणताना त्याचे ओठ इतके थरथरत होते की मला वाचता येईना. मग म्हणाला, "तीन वर्षं झाली नाहीत अजून. एवढ्यात मला तिचं चुकीचं आठवायला लागलं? मग बाकीचंही खोटंच असेल." आणि लहान मुलासारखा रडला. मला ऐकू येत नाही, तरी त्या रडण्याचा आवाज मला खुर्चीच्या हातात जाणवत होता.

मी तुझी वाट मोकळी करायला गेले होते. त्याच्याकडे तिचं जे राहिलं होतं, त्यातलंच एक काढून घेऊन आले. बरोबर केलं की नाही, ते माहीत नाही. तू काय करावंस ते सांगायचा मला अधिकार नाही आणि सांगणारही नाही. जे खरं होतं ते तुला माहीत असायला हवं होतं, एवढंच.

आशीर्वाद,
चित्राकाकू

*

टिळकनगर, डोंबिवली पूर्व
२४ मार्च २०२४

ती. चित्राकाकूंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र कल्याणला मिळालं त्याच आठवड्यात साकेत आला. न सांगता. बाबा पेपर वाचत होते, आई आत होती, आणि हा बूट काढून दारात उभा. चहा झाल्यावर मला म्हणाला, "खाली येतेस?" आम्ही बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर बसलो. त्यानं मला विचारलं, "गेल्या वर्षी जे फूल आलं होतं, त्याचा रंग मला नीट सांग. मी नीट बघितलंच नव्हतं." मी सांगितलं. गुलाबी, मधे राखाडी, देठाकडे जरा हिरवट. तो म्हणाला, "तिचाही तसाच असणार मग. त्याच्यावरून ती कुंडीला शिव्या द्यायची, ते आत्ता आठवलं."

मग तो बोलत सुटला. काकू, वर्षभर त्या घरात राहूनही मला जे कळलं नव्हतं ते त्या कट्ट्यावर कळलं. नीरजाताईंना पहाटे उठवलं की त्या भांडायच्या. गॅसवर दूध ठेवून विसरायच्या, तीन पातेली जाळली. पाचगणीला झाड घेताना दुकानदाराशी घासाघीस करायला याला पुढे केलं आणि स्वतः गाडीत जाऊन बसल्या. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोनवर म्हणाल्या, "झाडाला पाणी घाल रे," आणि हा घालायचा विसरला, म्हणून त्या वर्षी सगळी पानं करपली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एरवी ठेवला की तो जरा पुढे सरकतो. या वेळी सरकला नाही.

मंगळवारी मी घरी आले. तो ये म्हणाला, म्हणून. सगळं ठीक झालंय असं लिहीत नाही, कारण झालेलं नाही. तो रात्री अजून जागा असतो. कधी कधी माझ्याकडे बघतो आणि मी कोण ते त्याला शोधावं लागतं, हे मला दिसतं. पण सकाळी दोन कप गॅलरीत जातात.

काल शनिवारी लॅबला सुट्टी होती. मी एकटीच कुंडीतलं तण काढत होते. तुम्ही लिहिलेलं आठवलं, त्या तोंड वाकडं करून तुमच्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, परत तेच भिकार गुलाबी. मला हसू आलं. आणि हसता हसता माझ्या मनात आलं की ही बाई मला आवडली असती. आम्ही दोघींनी मिळून ती सिमेंटची कुंडी फोडली असती. तेहेतिसाव्या वर्षी गेली ती, काकू. मी यंदा तेहेतीस पूर्ण करते.

मग मी तिथेच फरशीवर बसून रडले. साकेतसाठी नाही, माझ्यासाठी नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, नीरजासाठी.

तुमची,
संचिता